तरुण दिसणाऱ्या देशाचे म्हातारपण

नर्सच्या नोकरीत मी काही वर्षे बहरीनला होते. तेथील वॉर्डात एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. म्हातारे पेशंट जवळजवळ सगळे तिथलेच अरब असत. आपल्याकडची, म्हणजे रत्नागिरीची, केरळची माणसे हाड मोडून, भाजून किंवा उन्हाने घेरी येऊन भरती होत. पण त्यांत म्हातारा क्वचितच. साठी जवळ आली की माणूस गावी परत जाई. म्हणूनच तो देश इतका तरुण दिसतो.

बहरीनचा आणि मुंबईचा संबंध जुना. मोत्यांच्या व्यापाराने तो जोडला गेला होता. तेथे कित्येक वर्षे रुपयाच चाले. दिनार आला तो १९६५ साली. १९३२ साली तेल सापडले आणि बाहेरची माणसे अधिक लागू लागली. १९४१ साली पहिली शिरगणती झाली, तेव्हा एकंदर वस्ती ८९,९७० भरली. त्यांत परके १५,९३०, म्हणजे शंभरात अठरा. २०२० च्या शिरगणतीत वस्ती पंधरा लाखांवर गेली, आणि परके निम्म्याहून अधिक निघाले.

त्यामुळे सरकारला दोन हिशेब ठेवावे लागले. पहिला आपल्या प्रजेचा. १९७१ साली देश स्वतंत्र झाला. १९७५ साली सरकारी नोकरांच्या पेन्शनचा आणि १९७६ साली सामाजिक विम्याचा कायदा झाला. त्या काळी घरात पाच-सात मुले असणे नेहमीचे होते. वर्गणी भरणारे हात पुष्कळ आणि पेन्शन घेणारे थोडे. आता बाईमागे सरासरी दोनही मुले नाहीत, आणि माणसे ऐंशीच्या घरात पोचतात. तेव्हा २०२२ साली वर्गणी वाढवावी लागली. मालकाचा हिस्सा २०२८ पर्यंत दर वर्षी टप्प्याटप्प्याने वाढत जावा, असे ठरले. शिवाय २००९ साली वृद्धांच्या हक्कांचा वेगळा कायदाही झाला होता.

दुसरा हिशेब परक्यांचा. त्यांना कामावरील अपघाताचा विमा मिळाला, पण म्हातारपणाची पेन्शन नाही. तिच्या जागी नोकरी सोडताना एकरकमी पैसे : पहिली तीन वर्षे वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे वर्षाला एका महिन्याचा. ही रक्कम मालकाने शेवटी द्यायची. पण विमानाचे तिकीट हातात असलेल्या माणसाने भांडायचे कुणाशी? पाठीच्या दुखण्याने घरी निघालेला एक कोकणी सुतार मला म्हणाला होता, "सिस्टर, पैशे गावाक धाडतंत म्हणतत, बघूया." ते पोचले की नाही, मला कधी कळले नाही.

मार्च २०२४ पासून मात्र मालकाने ही रक्कम महिन्याच्या महिन्याला सरकारी विमा संस्थेकडे भरायची, असा नियम झाला. ही सुधारणा मोलाची आहे. परंतु एकरकमी पैसा लग्नकार्यात, घराच्या छपरात संपतो. दुखणे मात्र पुढे वीस वर्षे चालते. त्या वीस वर्षांचा भार बहरीनवर पडत नाही. तो पडतो गावच्या घरावर, सुनेवर आणि तालुक्याच्या दवाखान्यावर.

आपल्या समाजाला हे नवे नाही. आपली तरुण मंडळी निघाली, तेव्हा कोकणातल्या कित्येक घरांत म्हातारी माणसेच मागे उरली. आज इस्रायलमध्ये १९८८ पासून चालू असलेल्या दीर्घकालीन सेवेच्या विम्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांना मदतनीस मिळते. ती पुष्कळदा भारतातून किंवा फिलिपीन्समधून आलेली असते. तिची आई कोण सांभाळते, हे आपण कधी विचारतो का?

लोकसंख्या बदलली की सरकारांनी कायदे बदलावेत, हे खरेच. परंतु माणूस जेथे घाम गाळतो तेथेच त्याची पेन्शन साठावी, आणि तो जाईल तेथे ती त्याच्या मागोमाग जावी, असे करार देशादेशांत व्हायला हवेत. तोवर निदान आपल्या घरात काम करणाऱ्या बाईचे हक्काचे पैसे आपण वेळच्या वेळी भरावेत. एवढे तर आपल्या हातचे आहे.