त्वचेचा कर्करोग आणि संप्रेरक-संशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कर्करोग-संशोधनाचा इतिहास बहुधा औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून मांडला जातो. वस्तुतः ‘रोग कोणाला होतो आणि उपचार कोणाला लागू पडतात?’ या प्रश्नानेही त्यास दिशा दिली आहे. मुंबईतील संशोधनपरंपरेत याची प्रचिती येते.

१९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी पुरुष-संप्रेरकांचा प्रभाव रोखल्यास पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग आटोक्यात येतो, असे दाखविले. टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये ‘धोतर कर्करोगा’चे वर्णन केले. कमरेवरील घट्ट गाठीच्या दीर्घकालीन घर्षणाने त्वचेवर व्रण पडतात आणि क्वचित त्यांतून कर्करोग उद्भवतो. येथे कारण राहणीत सापडले. पुढे डॉ. कमल रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग करून स्तनाचा कर्करोग व संप्रेरके यांच्या संबंधाचा अभ्यास केला. येथे शोध शरीरांतर्गत कारणांचा होता.

त्वचा आणि संप्रेरके हे दोन अभ्यासविषय पुढे मेलॅनोमा या रंगपेशींच्या कर्करोगाच्या उपचारात जगभर एकत्र आले. १९९२ मध्ये इटलीतील चाचणीत रसायनोपचारास टॅमॉक्सिफेन या स्त्री-संप्रेरकरोधकाची जोड दिल्याने लाभ झाल्याचे, विशेषतः स्त्रियांमध्ये, आढळले. मात्र नंतरच्या मोठ्या चाचण्यांत त्यास पुष्टी मिळाली नाही. २०२२ मध्ये ‘नेचर’मधील संशोधनाने प्रश्न नव्याने मांडला. बीआरएएफ व एमईके या प्रथिनांना रोखणाऱ्या औषधांचा प्रतिसाद पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सरस दिसला. आणि उंदरांत पुरुष-संप्रेरकांचा ग्राही रोखल्यावर तो दोन्ही लिंगांत सुधारला.

तथापि, हे निष्कर्ष मेलॅनोमापुरते असून धोतर कर्करोग हा निराळ्या पेशींचा आजार आहे. एकाचे औषध दुसऱ्यास लागू होत नाही. म्हणूनच भंडारा जिल्ह्यातील आंबागडसारख्या खेड्यात कमरेवरचा न भरणारा व्रण वेळीच वैद्यास दाखविणे, हे खानोलकरांच्या संशोधनाचे आजही उपयोगी ठरणारे फलित होय. राहणी आणि लिंगभेद यांची दखल घेतल्याशिवाय उपचारांचे गणित पूर्ण होत नाही, हाच या इतिहासाचा बोध आहे.