जेथ्रो टल आणि पेरणीचे यंत्र

इंग्लंडच्या कृषिइतिहासात जेथ्रो टल (१६७४–१७४१) याचा निर्देश पेरणीयंत्राचा जनक म्हणून करण्याचा प्रघात आहे. हे बिरुद कितपत सार्थ आहे, हे ठरविण्यासाठी त्याचे चरित्र आणि त्या यंत्राचा पूर्वेतिहास ही दोन्ही एकत्र पाहावी लागतात.

टल हा बर्कशर परगण्यातील बॅझिल्डनचा. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकून १६९९ साली त्याने वकिलीची सनद मिळविली; परंतु प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे तो शेतीकडे वळला. तेथे बी मुठीने फोकून पेरीत. त्यात बी पुष्कळ वाया जाई आणि दाट, अस्ताव्यस्त उगवलेल्या पिकात मशागतीस वाव राहत नसे. विरळ व ओळीने पेरण्याचा त्याचा आग्रह मजुरांनी मानला नाही. तेव्हा मजुरांच्या हातावर विसंबावेच लागू नये, अशा ईर्षेने त्याने १७०१ च्या सुमारास आपले यंत्र रचले. बी मोजके सोडणाऱ्या त्यातील खाच, जीभ आणि स्प्रिंग यांची कल्पना त्याला ऑर्गन या वाद्यावरून सुचली.

पुढे फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत, ओळींमधील माती वारंवार उकरून खताशिवाय पीक घेतात, असे त्याने पाहिले. परतल्यावर घोड्याने ओढावयाचे कोळपे वापरून त्याने एकाच शेतात लागोपाठ १३ वर्षे खताविना गहू घेतला आणि १७३३ साली आपली पद्धती ग्रंथरूपाने मांडली. वनस्पती मातीचे सूक्ष्म कणच भक्षण करतात, हा त्याचा सिद्धांत मात्र चुकीचा ठरला. वस्तुतः कोळपणीने तण नष्ट होत होते व जमिनीतील साठलेली पोषक द्रव्ये मोकळी होत होती. उपपत्ती फोल, पण व्यवहार सफल, असा हा प्रकार होता.

अग्रक्रमाचा प्रश्न मात्र उरतोच. जॉन वर्लिज याने १६६९ मध्येच अशा यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले होते आणि पूर्वसूरींची उसनवारी केल्याचा आरोप टलच्या हयातीतच झाला. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन हॅलकॉट याने गुंटूर भागातील पेरणीच्या औताचे वर्णन विलायतेस धाडले. तोवर हे साधन युरोपातील अर्वाचीन शोध होय, अशीच त्याची समजूत होती. मराठीपुरते बोलावयाचे तर तिफण, पाभर, चाडे, कोळपे हे शब्दच बोलके आहेत. तीन फणांची ती तिफण. आणि ओळीने पेरणी व ओळींतून कोळपणी ही जोडी दख्खनच्या शेतकऱ्याला अंगवळणी पडलेली. यावरून टलने भारतापासून काही घेतले असे सिद्ध होत नाही. एकच गरज निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे भागविली गेली, एवढेच दिसते.

मग टलचे स्वतःचे काय? तिफणीच्या चाड्यात बी किती सोडावे, हे पेरणाऱ्याची बोटे ठरवितात. तेथे कौशल्य हाताचे. टलने ते मोजमाप हातातून काढून यंत्रात घातले. ओळीची पेरणी त्याने शोधली नाही. पेरणाऱ्याच्या हाताला त्याने पर्याय शोधला. त्याचे स्थान येथे आहे, आणि ज्या मजुरांशी त्याचे पटले नाही, त्यांच्या विरोधाचा अर्थही येथेच उमगतो.