गृहपाठ अडतो कोठे? गणित आणि व्याकरणाचे दोन प्रश्न

छावणी (छत्रपती संभाजीनगर) : खाम नदीपलीकडील छावणी परिसरात लष्करी नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे वास्तव्यास असतात. अनेक घरांत मराठी बोलली जात नाही. शाळेत मात्र ती शिकावी लागते. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा अधिनियम २०२० मध्ये संमत झाला. अशा घरांत संध्याकाळी गृहपाठाची वही उघडली, की अडचण विषयाची आहे की भाषेची, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

गणिताचे उदाहरण

प्रश्न : टाकीत एकोणचाळीस लिटर पाणी होते. सत्तावीस लिटर वापरले. किती उरले?

उत्तर सोपे आहे : ३९ - २७ = १२ लिटर. ताळा : १२ + २७ = ३९.

मात्र मुलाने वहीत ४१ - ७२ असे मांडले असेल, तर त्याला वजाबाकी येत नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 'सत्तावीस' या शब्दात आधी सात येतात, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे असतात. 'एकोणचाळीस' म्हणजे चाळीसला एक कमी. कानाला तो 'एकेचाळीस'च्या जवळचा वाटतो. संख्या दुरुस्त करून दिल्यास तेच मूल वजाबाकी बिनचूक करू शकते.

याच अडचणीवरून २०१९ मध्ये राज्यभर वाद झाला होता. दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' अशी वाचनपद्धती देण्यात आली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची काठिण्यता आणि दक्षिणेकडील भाषांतील दशक-एकक हा क्रम यांकडे लक्ष वेधले होते. रूढ संख्यानामे व्यवहारातून जातील, असा आक्षेप विरोधकांनी घेतला होता.

व्याकरणाचे उदाहरण

प्रश्न : 'मुलाने पुस्तक वाचले' या वाक्यातील प्रयोग ओळखा.

कर्म बदलून पाहावे : मुलाने धडा वाचला, मुलाने कविता वाचली, मुलाने पुस्तक वाचले. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. 'मुलगा वाचतो, मुलगी वाचते' येथे ते कर्त्याप्रमाणे बदलते, तो कर्तरी. 'मुलाने भावाला बोलावले, बहिणीला बोलावले' येथे ते बदलतच नाही. तो भावे प्रयोग.

हिंदीभाषक मूल 'पुस्तक वाचली' असे लिहिण्याची शक्यता असते. हिंदीत 'पुस्तक' स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे चालते हा नियम मुलाने अचूक पाळलेला असतो. चुकते ते केवळ लिंग. अशा वेळी प्रयोगांच्या व्याख्या पुन्हा घोकून घेण्याने काही साधत नाही.

पालकांनी काय करावे?

मार्गदर्शिकेतील तयार उत्तर उतरवून घेतल्याने वही पूर्ण होते, चूक मात्र तशीच राहते. त्यापूर्वी मुलाला प्रश्न मोठ्याने वाचावयास सांगावे. गणितात शब्दांतील संख्या अंकांत लिहून घ्यावी आणि व्याकरणात नामाचे लिंग विचारावे. उत्तर सांगण्याची गरज उरते की नाही, हे त्यानंतर ठरवता येते.