जॉन्सनचे संकल्प आणि छापखान्याचा पोऱ्या

वर्षारंभीं कोरी वही काढावी, पहिल्या पानावर तारीख घालावी आणि आजपासून नेमानें लिहावयाचें असें मनाशीं ठरवावें, ही रीत लेखकवर्गांत फार जुनी आहे. वर्ष चैत्रांत लागतें कीं जानेवारींत, ह्याविषयीं मतभेद असूं शकेल. संकल्प किती दिवस टिकतो ह्याविषयीं बहुधा नसावा. जानेवारींतली वही संक्रांतीचा तिळगूळ संपण्याच्या आंतच फडताळांत जाऊन पडते, आणि पाडव्याची वही रामनवमीची वाट पाहत नाहीं. हा दुबळेपणा केवळ हौशी व अप्रसिद्ध लेखकांचा असता तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण पडलें नसतें. परंतु ज्यानें इंग्रजी भाषेचा मोठा कोश रचिला, ज्याच्या नांवानें त्या वाङ्मयाचा एक काळ ओळखला जातो, त्या डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनचीहि (१७०९–१७८४) हीच गत होती. आणि तिचा पुरावा त्यानें स्वतःच्या हातानें लिहून ठेविला आहे. मोडलेला लेखनाचा नेम पुन्हां कशानें जडतो, ह्या प्रश्नावर त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा आम्हांस ठाऊक नाहीं.

मरणापूर्वीं थोडे दिवस जॉन्सननें आपले पुष्कळसे खाजगी कागद जाळून टाकिले. कांहीं मात्र त्यानें जॉर्ज स्ट्रॅहन नांवाच्या एका धर्मोपदेशक मित्राच्या हवालीं केले, आणि १७८५ सालीं ते 'प्रार्थना आणि चिंतनें' ह्या नांवानें छापून निघाले. नववर्षाचा दिवस, ईस्टरचा सण, आपला वाढदिवस आणि पत्नीची पुण्यतिथि, ह्या प्रसंगीं तो स्वतःशीं हिशेबाला बसे. कांहीं नोंदींवर मध्यरात्र उलटून गेल्याची वेळ घातलेली आहे. कलमें बहुधा तींच: लवकर उठावें, धर्मग्रंथ वाचावा, रोजनिशी ठेवावी, वेळ वायां घालवूं नये. पुढल्या वर्षीं पुन्हां तींच कलमें, कारण मागील वर्षीं त्यांतलें एकहि धड पाळलें गेलेलें नसे. १७६४ च्या वाढदिवशीं त्यानें लिहिलें आहे कीं, सुधारण्याचे बेत आपण आठवतें तेव्हांपासून करीत आलों असून हातून कांहींच झालें नाहीं. पुढच्या वर्षींच्या ईस्टरला त्यानें आठ वाजतां उठण्याचें ठरविलें. आठ म्हणजे पहाट नव्हे हें तो जाणून होता, परंतु त्या दिवसांत तो पुष्कळदां दुपारीं दोनपर्यंत अंथरुणांतच असे, तेव्हां तेवढीहि मजल त्याला मोठीच होती. वाचकांस ह्याचें हंसूं येईल. आम्हांसहि आलें, परंतु दहापंधरा वर्षांच्या नोंदी एकापुढें एक वाचल्यावर तें ओसरतें. येथें एक थोर बुद्धीचा मनुष्य आपल्या आळसाला खरोखर भ्यालेला आहे, आणि त्या भीतीला जें औषध तो घेत आहे तें लागू पडत नाहीं हेंहि त्याला दिसत आहे. १७७५ सालीं त्यानें स्वतःला विचारलें कीं, इतके संकल्प मोडल्यावर आणखी एक कशाला? उत्तर त्याचें असें कीं, आशा सोडणें हाच मोठा दोष होय. आणि मग त्यानें पुन्हां संकल्प केला.

संकल्पाच्या दिवसाविषयीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. जॉन्सनच्या तारुण्यांत इंग्लंडांत कायद्याचें वर्ष १ जानेवारीला लागतच नसे. तें २५ मार्चला लागे. १७५२ पासून तें जानेवारींत आलें, आणि त्याच सालीं सप्टेंबरांत अकरा दिवस गाळून पंचांग दुरुस्त करण्यांत आलें. त्या वर्षाच्या १७ मार्चला जॉन्सनची पत्नी वारली होती. पुढें तो तिची पुण्यतिथि २८ मार्चला पाळूं लागला. १७५३ च्या पहिल्या दिवसाच्या प्रार्थनेपाशीं त्यानें टिपून ठेविलें आहे कीं, ह्यापुढें आपण नवी गणनाच वापरणार. वर्षाचा आरंभ सरकारनें तीन महिने हालविला तरी संकल्पांच्या फळांत कांहीं फरक पडल्याचें दिसत नाहीं.

आतां त्याच्या हातून लेखन झालें तें कसें झालें तें पाहूं. 'रॅम्बलर' हें त्याचें निबंधपत्र १७५० च्या २० मार्चला सुरू झालें. त्या वेळच्या कायदेशीर गणनेनें नवें वर्ष लागावयास पांच दिवस होते. ते थांबून मुहूर्त साधावा असें कोणास वाटलेलें दिसत नाहीं. प्रारंभीं त्यानें एक प्रार्थना मात्र लिहिली. मग दर मंगळवारीं व शनिवारीं एक, असे २०८ अंक १४ मार्च १७५२ पर्यंत निघाले. चारपांच अंकांत दुसऱ्यांचा हात आहे. बाकीचे सर्व त्याचे एकट्याचे. दर निबंधास दोन गिनी मिळत. खप पांचशें प्रतींच्याहि खालींच होता. ह्याच काळांत गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा मदतनिसांसह कोशाचें काम चाललेलें होतें, प्रकृति तर कधींच धड नव्हती. आणि तरीहि ज्या मनुष्याला रोजनिशीचा नेम महिनाभरहि पाळतां येत नसे, त्यानें आठवड्यांतून दोनदां असा नेम दोन वर्षें चालविला.

फरक कशाचा? बॉस्वेलनें आपल्या चरित्रग्रंथांत सांगितलें आहे कीं, ह्यांतले पुष्कळसे निबंध ऐन वेळीं घाईघाईनें लिहिलेले असून, छापखान्यांत जाण्यापूर्वीं जॉन्सननें ते पुन्हां वाचूनहि पाहिले नव्हते. छापखान्याचा पोऱ्या दाराशीं उभा, आणि आंत जॉन्सन खालीं मान घालून लिहितो आहे, हें चित्र ह्या कथांमुळें प्रसिद्ध झालें. पिओझीबाईंनीं तर अशी आठवण दिली आहे कीं, दिरंगाईवरचा 'रॅम्बलर'मधील निबंध सर जोशुआ रेनॉल्ड्स ह्या चित्रकाराच्या दिवाणखान्यांत, बाहेर पोऱ्या ताटकळत असतां लिहिला गेला. गोष्ट बहारीची आहे; परंतु तो निबंध १७५१ च्या जूनमधला, आणि रेनॉल्ड्स त्या वेळीं इटलींत होता, तो १७५२ च्या अखेरीस परतला. तेव्हां दिवाणखाना दुसऱ्या कोणाचा तरी असला पाहिजे. पोऱ्याला मात्र इतिहासांतून काढून टाकण्याचें कारण नाहीं. पुढें 'आयडलर' ह्या साप्ताहिक लेखमालेच्या दिवसांत जॉन्सन ऑक्सफर्डास गेला असतां त्यानें एका संध्याकाळीं लँग्टन ह्या मित्रास विचारलें कीं, टपाल निघावयास किती वेळ आहे? अर्धा तास, असें कळल्यावर तो बसला, निबंध पुरा केला, आणि लँग्टनला वाचूंहि न देतां पाठवून दिला.

ह्यावरून लोकांना दिलेलें वचन स्वतःला दिलेल्या वचनापेक्षां बळकट असतें, एवढाच निष्कर्ष कोणी काढील तर तो पुरता खरा नाहीं. शेक्सपियरच्या नाटकांची संशोधित आवृत्ति काढण्याचें जाहीर वचन जॉन्सननें १७५६ सालीं दिलें, पुढील वर्षाअखेरची मुदत घातली, वर्गणीदारांचे पैसे घेतले. आणि ग्रंथ निघाला १७६५ च्या ऑक्टोबरांत! मधल्या काळांत, १७६२ सालीं, चर्चिल नांवाच्या कवीनें पैसे खाऊन बसल्याचा टोमणा त्याला पद्यांत मारला. कोशाचीहि तीच कथा. १७४६ सालीं पुस्तकविक्रेत्यांशीं करार झाला तेव्हां तीन वर्षें पुरतील असा त्याचा अजमास होता. कोश १७५५ च्या एप्रिलांत बाहेर आला. अर्थात् तो कामाचा डोंगर होता, व तेथें उशीराचा दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु शेक्सपियरच्या बाबतींत तसें म्हणतां येत नाहीं. वचन तेंच, लोक तेच, मनुष्य तोच. भेद होता तो मुदतीच्या जातींत. दीड वर्षावरची मुदत क्षितिजासारखी असते. आपण बसून राहिलों तरी ती दूरच दिसते. मंगळवार तसा नव्हे. तो चुकला कीं चुकला, आणि साधला तर शनिवार उभाच. संकल्पापाशीं नसलेला हा फिरून फिरून येणारा टोला जॉन्सनला लागत असे, असें आम्हांस वाटतें.

अशा घाईनें लिहिलेलें चांगलें कसें असेल, अशी शंका येणें साहजिक आहे. 'रॅम्बलर' एकसुरी व जड आहे हा आक्षेप आम्हीहि मान्य करूं. दहा निबंध एका बैठकींत वाचणें हें काम सोपें नाहीं. परंतु त्या अंकांचीं पुस्तकें निघतांना जॉन्सननें त्यांत हजारों ठिकाणीं फेरफार केले, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. आधीं पोऱ्यासाठीं लिहिणें आणि मागाहून स्वतःसाठीं सुधारणें, अशी ही दोन कामांची वांटणी होती. संकल्पवाले बहुधा हीं दोन्ही कामें एकाच सकाळीं करूं पाहतात.

वर्षारंभींचें त्याचें सर्वांत थोर लेखन तर संकल्पांतून मुळींच आलेलें नाहीं. १७५९ च्या जानेवारींत लिचफील्ड येथें त्याची वृद्ध आई मरणोन्मुख झाली. कित्येक वर्षांत तो तिला भेटला नव्हता, आणि ह्या वेळींहि भेट झाली नाहीं. तिच्या उत्तरक्रियेचा खर्च व राहिलेलें किरकोळ देणें भागविण्यासाठीं त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळीं बसून 'रासेलस' ही कथा लिहिली, असें बॉस्वेलनें नमूद केलें आहे. तिचे शंभर पौंड आले, आणि दुसऱ्या आवृत्तीचे पंचवीस. त्या महिन्यांत त्याच्यावर जें आलें होतें तें कोणी नववर्षाच्या वहींत लिहून घेत नाहीं.

१७६२ सालीं राजाकडून वर्षाला तीनशें पौंडांचें निवृत्तिवेतन मिळालें आणि पोऱ्याचा हक्क संपला. ज्या नोंदी आम्हीं वर सांगितल्या त्यांतल्या अतिशय खिन्न अशा ह्यापुढच्याच आहेत. बोलणें वाढलें, लेखन आटलें; बॉस्वेलचा लाभ त्यांत झाला, हें वेगळें. मग १७७७ चा ईस्टर आला. आदल्या दिवशीं, २९ मार्चला, कांहीं लंडनी पुस्तकविक्रेते त्याच्याकडे आले. इंग्रजी कवींच्या काव्यसंग्रहास लहान लहान प्रस्तावना लिहून द्याव्या, एवढीच त्यांची विनंति होती. जॉन्सननें दोनशें गिनी मागितल्या, त्या त्यांनीं तत्काळ कबूल केल्या. ह्यांतूनच 'कवींचीं चरित्रें' झालीं: बावन्न कवि, १७७९ ते १७८१ ह्या वर्षांत प्रसिद्ध झालेला, आणि आमच्या मतें त्याच्या सर्व गद्यांत श्रेष्ठ असा ग्रंथ. त्या ईस्टरच्या नोंदी वाचाव्या. आपलें सारें आयुष्य एक उजाड रान आहे असा विलाप तेथें विस्तारानें केलेला आहे. आणि पुस्तकविक्रेत्यांशीं झालेल्या बोलण्याचा उल्लेख एका ओळींत, तोहि पवित्र दिवशीं व्यवहार केल्याचा थोडा संकोच वाटून, फार वेळ गेला नाहीं अशी सबब देऊन, केलेला आहे. सदुसष्ट वर्षांच्या लेखकाची लेखणी ज्या घटकेला पुन्हां जागी झाली ती त्याला ओळखतां आली नाहीं.

ह्या जॉन्सनशीं मराठीचें नातें जुनें आहे. 'रासेलस'चें भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांनीं हातीं घेतलें व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ह्यांनीं तें तडीस नेलें. विष्णुशास्त्र्यांचें हात बसणें तेथें झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. १८७४ च्या जानेवारींत, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, सरकारी शाळेंतली शिक्षकाची नोकरी संभाळून, त्यांनीं 'निबंधमाला' काढली. तेंहि वर्षारंभींचेंच लेखनव्रत; परंतु तें वहींत लिहिलेलें नव्हतें, वर्गणीदारांना बांधलेलें होतें. सात वर्षांच्या हिशेबानें ८४ अंक, आणि जवळजवळ सगळे एकहातीं. जॉन्सनचें विस्तृत चरित्र त्यांत आहे, आणि तें लिहितांना लेखकाची लेखणी किती रमली आहे हें कोणाहि वाचकास दिसेल. मालेंत पाल्हाळ आहे, ठिकठिकाणीं वकिली आवेश आहे. महिन्याचीं पानें भरावयाचीं असलीं म्हणजे तीं कशीं भरतात हेंहि तेथें पाहावयास मिळतें. पण इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांना मराठींत लिहिण्याची लाज वाटत होती ती ज्या गद्यानें घालविली, तें गद्य दर महिन्याच्या ह्याच तगाद्याखालीं घडलें.

जानेवारी महिना शास्त्रीबोवांस मानवला असावा. १८७९ सालीं नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनीं १८८० च्या जानेवारीच्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल उघडलें, आणि ४ जानेवारी १८८१ रोजीं 'केसरी'चा पहिला अंक निघाला. महिन्याची मुदत आतां आठवड्यावर आली होती. १७ मार्च १८८२ रोजीं, बत्तिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ते वारले. 'केसरी' पुढच्या मंगळवारीं ठरल्याप्रमाणें निघाला.