ई-पुस्तक विकत घेण्यापूर्वी

ठाकुर्लीहून धिम्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या वाचकाला मोबाइलवरील पुस्तक सोयीचे वाटते. छापील पुस्तक मात्र विकत घेतले की आपले होते. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुधा केवळ वाचनाचा परवाना मिळतो. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी फाइलचा प्रकार आणि तिच्यावरील कुलूप, या दोन गोष्टी तपासणे अगत्याचे ठरते.

फाइलचा प्रकार : पीडीएफमध्ये पान छापल्यासारखे स्थिर राहते. संगणकावर ते ठीक दिसते. मोबाइलवर अक्षर बारीक होऊन पान सतत सरकवावे लागते. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार बसतो आणि अक्षर मोठे करता येते. अॅमेझॉनने डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आणली. ती किंडल यंत्रावर वा त्याच्या अॅपमध्येच वाचता येतात. मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर त्यात शब्द शोधता येत नाही. त्यामुळे नमुना पाने उघडून जोडाक्षरे नीट दिसतात का, हे आधी पाहावे.

कुलूप : प्रती काढण्यास आळा घालणाऱ्या या व्यवस्थेस डीआरएम म्हणतात. असे पुस्तक ठरावीक खात्यावर आणि ठरावीक अॅपमध्येच उघडते. २००९मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. फेब्रुवारी २०२५पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घेण्याची सोयही राहिली नाही. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ अ नुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे.

विकत घेण्याची गरज आहे का, हेही पाहावे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथ हक्कमुक्त होतो. साने गुरुजींचे निधन १९५०मध्ये झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य २०११पासून खुले आहे. शिवाय ठाण्याचे ई साहित्य प्रतिष्ठान अनेक मराठी पुस्तके विनामूल्य उपलब्ध करून देते.

वर्षानुवर्षे जपायचे पुस्तक असेल, तर कुलूप नसलेली प्रत निवडावी. तशी नसेल, तर छापील प्रतच बरी.