फणेरपेटी

बदलीचा हुकूम हाती पडला की घरातील सामानाचे दोन भाग होतात. एक, जे नव्या गावी पुन्हा विकत घेता येईल ते. आणि दुसरा, जे तेथे मिळणार नाही म्हणून बरोबरच न्यावयाचे ते. आमच्या घरी या दुसऱ्या भागात पहिला मान एका लहानशा शिसवी पेटीचा असे. वडिलांच्या नोकरीपायी ती जबलपूर, अलाहाबाद आणि दिल्ली अशी हिंडली. पण मालडब्यात एकदाही चढली नाही. प्रवासभर ती आईच्या मांडीवर असे. उमेदीची वर्षे महाराष्ट्राबाहेरच्या सरकारी निवासांतून काढलेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी पेटी असेल, निदान तिची आठवण तरी असेल. तिचे नाव फणेरपेटी.

पेटी उघडून झाकण मागे टेकविले की त्याच्या आतल्या अंगाचा आरसा समोर उभा राही. खाली खण असत. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी, आणि कोपऱ्यात काजळाची डबी. सकाळी न्हाणे झाल्यावर आई पाटावर बसे, अनामिकेने मेणाचा लहानसा गोल कपाळावर लावी, त्यावर कुंकू दाबी, आणि मग मऊ फडक्याच्या टोकाने कडा अशा टिपून घेई की तो गोल कर्कटकाने काढल्यासारखा दिसे. दोन मिनिटांचे काम. पण त्या दोन मिनिटांमागे जी तयारी व जी निगा असे तिचा इतिहास आम्हांस अलीकडे, म्हणजे पेटी वापरणारे कोणी घरात उरले नाही तेव्हा, शोधावासा वाटला.

निगेची गोष्ट प्रथम. मेण म्हणजे मधमाश्यांचे मेण, थोड्या खोबरेलात वितळवून घेतलेले. कोकणात किंवा पुण्यास त्याचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या एकच. परंतु दिल्लीच्या पौषात ते दगडासारखे होई आणि ज्येष्ठात पातळ होऊन कुंकवाचा ओघळ नाकापर्यंत येई. तेव्हा आईने हिवाळ्याचे मेण व उन्हाळ्याचे मेण अशी दोन मेणे करावयास आरंभ केला. नवे मेण आधी मनगटाच्या आतल्या बाजूस लावून दिवसभर पाही, मगच ते कपाळावर जाई. फणी लाकडाची, म्हणून तिला पाणी वर्ज्य. दातांतील मळ ताणलेल्या दोऱ्याने काढावयाचा आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवावयाचा. करंड्यात ओले बोट घालावयाचे नाही. काजळाची डबी ज्याची त्याची निराळी. या सर्वांस कोणी प्रसाधनशास्त्र म्हणत नसे. घरातील वळण एवढेच त्याचे नाव.

हे वळण किती जुने असावे? दिल्लीस असताना जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात सिंधुसंस्कृतीच्या दालनात आम्ही अनेकदा गेलो. तेथील मुद्रा आणि नर्तिकेची मूर्ती यांपुढे गर्दी असते; तांब्याच्या बारीक कांड्यांपुढे कोणी थांबत नाही. या कांड्या अंजन घालावयाच्या आहेत. हडप्प्याच्या दफनभूमीत स्त्रियांच्या सांगाड्यांजवळ तांब्याचे आरसे सापडले आहेत. काच नव्हती तेव्हा आरसा म्हणजे घासून घासून झळझळीत केलेला धातूचा पत्रा. तो हवेने काळवंडतो, बोट लागले तर डाग धरतो, आणि पुन्हा घासल्यावाचून रूप दाखवीत नाही. अर्थात साडेचार हजार वर्षांपूर्वी ज्या घरात आरसा होता त्या घरात तो घासणारा हातही होता. संग्रहालयातील पाटीवर त्या हाताची नोंद नसते, याचे आम्हांस वाईट वाटते.

धातूच्या आरशाची ती कला केरळात अद्याप जिवंत आहे. आरन्मुळा या गावी काही मोजकी घराणी तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा ओततात आणि दिवसेंदिवस घासून त्यास पाणी देतात. त्याची परीक्षा सोपी आहे. आपल्या काचेच्या आरशावर बोट टेकविले तर बोट आणि प्रतिबिंब यांत थोडे अंतर राहते, कारण प्रतिबिंब दाखविणारा थर काचेच्या मागे असतो. आरन्मुळ्याच्या आरशात बोटाला बोट भिडते. त्याच्या पृष्ठभागास हात लावावयाचा नाही, हा नियमही विकणाराच सांगतो. आमच्या कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जो रोमन ब्राँझवस्तूंचा साठा सापडला, त्यात समुद्रदेवाच्या प्रसिद्ध मूर्तीबरोबर आरसाही होता. सातवाहनांच्या काळी पश्चिम समुद्र ओलांडून आलेल्या त्या वस्तूत कोण्या कोल्हापूरकराने आपले तोंड पाहिले असेल, ही कल्पना मोठी गमतीची आहे.

चित्रकारांना व शिल्पकारांना या विषयाचे फार आकर्षण. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील आरसा घेतलेली राजकन्या सर्वांस ठाऊक आहे. खजुराहोस पार्श्वनाथ मंदिराच्या भिंतीवर डोळ्यांत अंजन घालणारी सुंदरी आहे. बेलूरची दर्पणसुंदरी तर तिकडे नेमणूक झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने पाहुण्यांस नेऊन दाखविलेली असते. परंतु चित्रात व शिल्पात रूप दिसते, कृती दिसत नाही. कृतीसाठी ग्रंथांकडेच वळले पाहिजे.

साधारणतः तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या कामसूत्रात वात्स्यायनाने नागरकाच्या शय्यागृहातील वस्तूंची जी यादी दिली आहे, तीत उटणे, फुले, सुगंधाची पुडी यांबरोबर ‘सिक्थकरण्डक’ हा शब्द येतो. सिक्थ म्हणजे मेण. मेणाचा करंडा! तो ओठांस लावलेला अळित्याचा रंग टिकावा म्हणून, आणि आमच्या आईचा कपाळावरचे कुंकू टिकावे म्हणून. तोही पुरुषाच्या खोलीतला आणि हा स्त्रीच्या पेटीतला. उपयोग पालटला, माणूस पालटले; पण मेणाने रंग धरून ठेवावयाची युक्ती आणि करंडा हा शब्द मात्र तसाच राहिला. ज्या शब्दास आपण अस्सल घरगुती समजतो तो असा एखाद्या जुन्या यादीत अवचित भेटला म्हणजे परगावी शेजारचा माणूस भेटल्याचा आनंद होतो.

वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. तीत गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. ज्योतिषी असल्यामुळे गणिताचा मोह त्यास आवरत नाही. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० प्रकार होतात, हे तो सांगतो. आम्हांस त्याहून त्याचा केसांच्या कलपाचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. लोखंडाच्या भांड्यात आंबट द्रवाबरोबर भरड धान्य व लोहचूर्ण शिजवून त्याचा लेप डोक्यास लावावा, ओली पाने बांधावी, काही प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप द्यावा. आवळ्यातील तुरट द्रव्य व लोह यांचा संयोग काळा होतो. लोखंडी कढईत आवळा उकळणारी कोणतीही मराठी गृहिणी हे जाणते. नंतर डोक्यास लोखंडाचा व आंबटाचा जो वास येतो तो सुगंधी पाण्याने घालवावा, असेही वराहमिहिर सांगतो. हे शेवटचे वाक्य केवळ पुस्तकी पंडित लिहिणार नाही. कोणी तरी तो लेप स्वतः लावून, त्या वासाने हैराण होऊन, मग उपाय शोधलेला आहे.

या विद्येचा मराठीशी थेट संबंध दाखविण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांचे. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्या जोडीचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ त्यांनी हस्तलिखितांच्या ढिगातून उजेडात आणले. त्यांपैकी ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका आहे. पुढे १९८९ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्यांचे मुद्रण झाले. मराठीचा हा ठेवा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थानिकाच्या नावाने चाललेल्या मालेतून छापला जावा, हे आमच्यासारख्यांस विशेष सुखावणारे आहे. गंधसारात भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या असून द्रव्यांचा निघंटूही आहे. म्हणजे माल कसा ओळखावा हे माल कसा करावा याच्याइतकेच महत्त्वाचे मानले होते.

आता कुंकू. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. ते महाग, म्हणून नाव राहिले आणि वस्तू हळदीची झाली. हळदीस चुना लागला की ती लाल होते, पण त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी पडते. म्हणून जाणत्या घरी हळकुंडे लिंबाचा रस व टाकणखार यांत मुरवीत. त्या संयोगाने येणारा तांबडा रंग आंबटाने उतरत नाही. हळदीच्या कागदाने टाकणखार ओळखण्याची जी कसोटी रसायनशाळेत शिकवितात ती हीच. आईजवळ पंढरपूरचे कुंकू कोणी आणून दिले तर ती चिमूटभर वाटीतल्या पाण्यात सोडी. रंग चटकन सुटून पाण्यात धावू लागला तर ते कुंकू देवापुढे राही, कपाळास लागत नसे. १८५६ साली पर्किनने डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढल्यानंतर स्वस्त रंगांची जी त्सुनामी जगभर आली, तिच्याविरुद्ध ही एक वाटी पाणी एवढाच तिचा बांध होता.

मात्र घरगुती परीक्षेचे गोडवे गाताना सत्य झाकता कामा नये. शेंदूर हा शिशाचा आणि हिंगूळ पाऱ्याचा. दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, मुकाट्याने तळाशी बसतात. आईच्या वाटीत ते उत्तीर्ण झाले असते. उत्तरेत सौभाग्याचे लक्षण म्हणून भांगात भरला जाणारा सिंदूर पुष्कळदा शिशाचा असे, आणि सुरमा म्हणून विकला जाणारा खनिज हा बहुधा शिसे व गंधक यांचा संयोग असतो, हे प्रयोगशाळांनी दाखविल्यावरच कळले. दिव्याच्या काजळीचे तुपातले काजळ त्या मानाने निरुपद्रवी. पण तेथे दोष कांडीचा. एकच कांडी घरातल्या साऱ्या मुलांच्या डोळ्यांत फिरली की खुपरीची साथ डोळ्यांतून डोळ्यांत जाई. या रोगाने आपल्या देशात असंख्य लोकांची दृष्टी घेतली. १९६३ पासून सरकारने त्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम चालविली, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. “ज्याची डबी त्याची” या आईच्या नियमामागे रोगजंतूंचे ज्ञान नव्हते. पण नियम बरोबर होता.

सरकारने या क्षेत्रात पाऊल टाकले ते उशिरा. १९४० चा औषधांचा कायदा प्रसाधनांविषयी मूक होता. १९६२ च्या दुरुस्तीने ती त्याच्या कक्षेत व नावातही आली. शिसे व सोमल यांच्या रंगांस बंदी झाली, पुढे पाऱ्यासही. २०१४ साली प्रसाधनांची परीक्षा मुक्या प्राण्यांवर करण्यास मनाई झाली आणि २०२० साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली निघाली. आमचे वाचक फाइलींत मुरलेले. नियम असणे आणि तो बाजारपेठेच्या शेवटच्या टपरीपर्यंत पोहोचणे यांतील अंतर त्यांस आम्ही सांगावे असे नाही.

आमच्या एका मावशीने नोकरी लागल्यावर करंडा सोडून चिकटवावयाची टिकली धरली. धावपळीत मेण व कुंकू कोण लावीत बसणार? काही वर्षांनी टिकलीच्या जागी, नेमका तेवढाच, पांढरा डाग उमटला. गावातल्या लोकांनी त्यास कोड म्हटले आणि मावशीच्या मुलीची दोन स्थळे परत गेली. पुष्कळ उशिरा एका त्वचारोगतज्ज्ञाने सांगितले की काही टिकल्यांच्या डिंकात असे रसायन असते की जे त्वचेचा रंगच मारून टाकते. हे वैद्यकाच्या नियतकालिकांतून कधीच नोंदले गेले होते. नवे प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूस किंवा कानामागे लावून दोन दिवस पाहावे, असे तो म्हणाला. मावशी आईकडे पाहून हसली. आईच्या मनगटावरील मेणाचा ठिपका तिने लहानपणापासून पाहिला होता.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा पेट्या, करंडे, फण्या आणि पाय घासावयाच्या नक्षीदार वज्र्या हारीने मांडल्या आहेत. दिनकर केळकरांनी हा संसार घरोघरी फिरून जमविला आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केला. आमची पेटीही तेथे द्यावी असे आमच्या मुलांचे मत पडले. आम्ही ती काढून पाहिली.

वडील गेले तेव्हा, त्या काळच्या रीतीप्रमाणे, आईने पेटी मिटली. रीत क्रूर होती, आणि ती पाळावयास आम्ही तिला कधी अडविले नाही, हे येथे लिहून ठेवतो. पुढची बावीस वर्षे ती पेटी केवळ नातवंडांच्या काजळापुरती उघडे. तरीही दर दिवाळीस ती बाहेर निघे. आई आरसा पुशी, फणीला तेलाचा हात देई, करंड्याच्या कडा फडक्याने टिपी, आणि पुन्हा कपाटात ठेवी. आम्ही डबी उघडली तेव्हा मेण वाळून भेगाळले होते. हिवाळ्याचे की उन्हाळ्याचे ते ओळखता येईना. मधोमध अनामिकेने पडलेला खळगा तेवढा जसाच्या तसा होता.