दोन दुभाषे आणि एक राज्य

श्रोतेहो, मेक्सिकोच्या मोक्तेसुमा राजाने स्पॅनिश सरदार कोर्तेसला देव मानले आणि आपण होऊन राज्य त्याच्या स्वाधीन केले, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. पण मुळात हे दोघे बोलले कोणत्या भाषेत?

१५११ साली एक स्पॅनिश जहाज फुटले व काही माणसे युकातानच्या किनाऱ्याला लागली. त्यांतले दोघे माया लोकांत तगले. गेरेरोने तिथलीच बायको केली, मुलंबाळं झाली. पुढे सुटकेचा निरोप आला तरी गडी हलला नाही. दुसरा आगिलार. तो १५१९ मध्ये कोर्तेसला येऊन मिळाला, तोवर माया भाषा त्याच्या तोंडात बसली होती.

त्याच वर्षी ताबास्कोत हरलेल्या माया सरदारांनी कोर्तेसला २० स्त्रिया नजर केल्या. त्यांत मालिन्त्सिन होती. तिची जन्मभाषा नाहुआत्ल, म्हणजे मेशिकांची, पुस्तकांत ज्यांना अ‍ॅझ्टेक म्हणतात त्यांची. दासी म्हणून माया मुलखात आल्यामुळे तिला मायाही येई. झाली साखळी तयार! कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोले, आगिलार ते मायात सांगे, मालिन्त्सिन नाहुआत्लमध्ये. उत्तर उलट्या वाटेने येई.

८ नोव्हेंबर १५१९ रोजी, तळ्यातल्या तेनोच्तित्लान राजधानीत मोक्तेसुमाने पाहुण्यांचे स्वागत केले, तेही या साखळीतूनच. नाहुआत्लची दरबारी रीत अशी, की मोठ्याने स्वतःकडे लहानपण घेऊन बोलावे. आपण नाही का म्हणत, ‘घर आपलंच आहे’? म्हणून पाहुणा काही सातबाऱ्यावर नाव चढवायला निघत नाही. कोर्तेस निघाला. ३० ऑक्टोबर १५२० च्या पत्रात त्याने स्पेनच्या राजाला कळवले, की मोक्तेसुमाने आपली सत्ता मान्य केली. तेव्हा तो स्वतः त्या शहरातून हाकलला गेलेला होता, आणि क्यूबाच्या सुभेदाराचा हुकूम मोडून आलेला. राजाची मर्जी त्याला हवीच होती. देव मानल्याची कथा तर या पत्रात नाहीच. ती पुढच्या दशकांत लिहिली गेली.

राज्य आपण होऊन दिले, तर मग वेढा कशाला घालावा लागला? त्लास्कालाचे हजारो लढवय्ये कोर्तेसच्या बाजूला होते, शहरात देवीच्या साथीने माणसे मेली होती, तरीही मेशिका जवळजवळ तीन महिने लढले. शहर पडले ते १३ ऑगस्ट १५२१ ला.

मालिन्त्सिनच्या हातची मात्र एक ओळही मागे उरलेली नाही.